माणिकबंदरचे पगारे सर

आमच्या सोसायटीचे चेअरमन दिघे यांनी पगारे सरांना फसवलं आणि पगारे सरांनी मला. हे आधीच लिहून टाकतो. पुढे सरांबद्दल चार बरे शब्द माझ्या हातून जाणार आहेत आणि ते वाचून माझा राग निवला असा कोणाचा समज व्हायला नको. तो निवलेला नाही. भंगाराच्या धंद्यात मी हातगाडीपासून उभा राहिलो, तो कोणावर विश्वास ठेवून नाही. समोरचा गोड बोलायला लागला की मी आधी काटा तपासतो.

पगारे सर गोड बोलत नसत. माझी गफलत तिथेच झाली.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. सातपूरला रोज नव्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर चढत होतं. आमची सोसायटी म्हणजे बैठ्या घरांच्या ओळी आणि मध्ये एक मोकळा प्लॉट. नकाशात त्यावर ‘बगीचा’ लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात गाजरगवत होतं. दिवाळी आली की ते उपटून तिथे कॉलनीचा किल्ला व्हायचा. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात भिजवलेली पोती, अळीव पेरून आणलेली हिरवळ, वर मावळे. पगारे सर कोपऱ्यातल्या घरात राहायला आले, ते शहरातल्या एका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर, म्हणून त्या वर्षी किल्ला त्यांच्याकडे सोपवला गेला.

त्यांनी किल्ला केलाच नाही. बंदर केलं.

नाशिकला समुद्र नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सरांनी प्लॉटच्या उतारावर मोठा खड्डा खणून घेतला, त्याच्या तळाला मेणकापड अंथरलं, पाणी भरलं आणि काठाने एक शहर उठवलं. तसं शहर मी पाहिलेलं नाही आणि पैजेवर सांगतो, दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. दगडी धक्का, त्याला लागलेली पत्र्याची गलबतं, मागे वखारी, वखारींच्या मागे सावकारांच्या माड्या, प्रत्येक माडीला समुद्राकडे सज्जा. नवरा परतीच्या गलबतावर असेल तर बायको सज्ज्यात लाल कापड टाकायची. अत्तराची पेठ वेगळी, हस्तिदंताची वेगळी. मिरीची पोती उतरवणाऱ्या हमालांचंसुद्धा दुमजली घर होतं, कारण त्या शहरात हमालाने मान हलवल्याशिवाय गलबत रिकामं व्हायचं नाही. शहराचं नाव माणिकबंदर.

‘‘किल्ला का नाही केला?’’ दिघ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

सरांनी हातातली वीट उलटी करून तिची खालची बाजू बघितली. ही त्यांची कायमची सवय. कप असो, चप्पल असो, भाजीवाल्याकडचं वांगं असो, हातात आलं की उलटं करून खालून बघायचे. वरची बाजू सजवलेली असते, म्हणायचे, खालची बाजू कोणी सजवत नाही.

‘‘किल्ल्याला दरवाजा असतो,’’ सर म्हणाले. ‘‘आत कोण येतंय ते अडवून बघायला. बंदराला धक्का असतो. गलबत लागलं, माणूस उतरला, झालं.’’

दिघ्यांना ते काही लागलं नाही. मला लागलं. सरांच्या घरात बुद्धाची मूर्ती होती आणि लक्ष्मीपूजन होत नव्हतं. दिघे त्यावरून पाठीमागे म्हणतच असत, ‘‘त्यांना आपल्या सणाचं काय?’’ सर मात्र वसुबारसेला बंदर उघडत आणि त्रिपुरी पौर्णिमेला बंद करत. मधल्या दिवसांत शाळा सोडून त्यांचा सगळा वेळ त्या चिखलात जायचा. उंच, खांद्यातून वाकलेला माणूस, सायकलच्या चिमट्यांनी आवळलेली पँट, नखांत माती. हसायचे कमी. पण माणसाकडे असं बघायचे की ते मनात आपल्यासाठी चिखल कालवतायत असं वाटावं.

आणि ते खरंच तसं होतं. माणिकबंदरात राहणारी माणसं म्हणजे आम्ही होतो. कॉलनीतल्या प्रत्येक घरामागे एक माणूस, बोटभर उंचीचा, मातीचा, कुंभाराच्या भट्टीतून भाजून आणलेला. आमच्या शेजारच्या गोखले काकूंना संध्याकाळी कोण किती वाजता घरी आलं हे घड्याळापेक्षा चांगलं कळायचं. सरांनी त्यांना दीपगृहाच्या राखणदार केलं. काकू आठवडाभर सरांशी बोलल्या नाहीत. मग एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘‘सुमन, सगळ्यात उंचावर कोण आहे ते बघितलंस ना?’’

जाधव नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात कामाला. सरांनी त्याला टांकसाळीचा मुख्य केला. तो दुसऱ्याच दिवशी सरांच्या दारात.

‘‘सर, माझी बदली करा.’’

‘‘का? मानाची जागा आहे.’’

‘‘दिवसभर नोटाच बघतो मी. इथे तरी मासे बघू द्या.’’

सरांनी त्याला त्याच संध्याकाळी होडी दिली. जाधव पुढे बरीच वर्षं कोळी होता आणि कारखान्यातला प्रमोशन मिळालेला माणूस दाखवणार नाही इतक्या अभिमानाने ती होडी पाहुण्यांना दाखवायचा.

आता माझं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी सर माझ्या शेडवर आले. लेथवर पितळ कातताना निघणारा कीस तिथे पोत्यांनी पडलेला असायचा. सरांनी एक मूठ उचलून उन्हात धरली.

‘‘वसंतराव, याचे घुमट होतील.’’

‘‘याचे पैसे होतात,’’ मी म्हणालो.

‘‘पैसे माझ्याकडे नाहीत.’’

‘‘मग काय आहे?’’

‘‘बंदर आहे.’’

मी आयुष्यात भरपूर सौदे केले. कापसाच्या बोलीवर लोखंड घेतलं, लोखंडाच्या बोलीवर मोटारी. पण चिखलातल्या शहरातल्या जागेच्या बदल्यात पितळ, हा सौदा पहिलाच. मी म्हणालो, सगळ्यात मोठं पद सांगा. सर म्हणाले, शहाबंदर. सगळ्या बंदराचा मुख्य अधिकारी, त्याच्या हुकमाशिवाय गलबत आत येत नाही आणि बाहेर जात नाही. मी म्हणालो, तेच पाहिजे. वर त्यांनी एक जुनी मोटार आणि पंप मागितला, समुद्राला लाटा आणायला. मी घासाघीस केली. माझा बुरूज सावकारांच्या माड्यांपेक्षा उंच पाहिजे, माझ्या माणसाला पगडी पाहिजे. सर एकेक गोष्ट कबूल करत गेले. इतक्या सहज कोणी कबूल करायला लागलं की आधी काटा तपासायला हवा. मी तपासला नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी गेलो. घुमट असे तळपत होते की सातपूरच्या बसमधले लोक खिडकीतून वाकून बघत होते. लाटा धक्क्यावर आपटत होत्या. माझा माणूस उंच बुरुजावर, पगडी घालून. पण हात रिकामे. बाकी प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं, तागडी, जाळं, कंदील, मोत्यांची पेटी. माझ्याच हातात काही नाही, आणि शहरात माझी वखार नाही.

‘‘माझं दुकान कुठाय?’’

‘‘शहाबंदराला व्यापार करता येत नाही,’’ सर म्हणाले. ‘‘माणिकबंदरचा कायदा आहे. ज्याच्या हातात हुकूम, त्याने माल विकायचा नाही.’’

‘‘हा कायदा आधी का नाही सांगितला?’’

‘‘तुम्ही पगडीचं विचारलंत. कायद्याचं विचारलं नाहीत.’’

मी मोटार काढून नेतो म्हणालो. आवाज चढला होता, बायका ओट्यांवर आल्या. सर म्हणाले, ‘‘न्या. पण शहाबंदर गलबतं थांबवून स्वतःचा समुद्र घरी घेऊन गेला, असं आजवर झालं नाही.’’ लोक हसले. मी मोटार नेली नाही. ही माझी पहिली फसवणूक. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मला असं उघड्यावर कोणी गुंडाळलं नव्हतं, आणि तेही एका ड्रॉइंग मास्तरने. सांगायला लाज वाटते, पण रोज शेडवरून येताना मी आधी प्लॉटकडे बघायचो, बुरूज दिसतो का ते.

कायद्यांवरून आठवलं. माणिकबंदरचे कायदे सर कधी लिहून ठेवत नसत, बोलत बोलत सांगत. त्यांतले दोन सगळ्या कॉलनीला पाठ होते. येणाऱ्याला ‘कुठला’ हे विचारायचं नाही, फक्त ‘काय आणलंस’ ते विचारायचं. आणि जाणाऱ्याला ‘का’ हे विचारायचं नाही. शहर एवढं श्रीमंत कशामुळे झालं असं कोणी विचारलं की सर हेच दोन कायदे सांगत. ‘‘दोन प्रश्न वाचवले की माणसाचा फार वेळ वाचतो,’’ म्हणायचे.

एके वर्षी शहराच्या किल्ले स्पर्धेचे परीक्षक आले. उपरणं घेतलेले गृहस्थ, मागे दिघे पळत. परीक्षक सगळं शहर फिरले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, ‘‘सगळं ठीक आहे. पण महाराज कुठे आहेत?’’

सर्व कॉलनी सरांकडे बघायला लागली. दिघ्यांचा चेहरा पांढरा पडला.

सर म्हणाले, ‘‘महाराजांचं आरमार यायचंय. भरतीची वाट बघतोय.’’

परीक्षकांनी समुद्राकडे बघितलं. मी पंपाशी बसवलेल्या माझ्या शेडवरच्या माणसाला खूण करून पंप वाढवायला सांगितला. लाटा उठल्या. परीक्षक मागे सरले, उपरण्याचं टोक भिजलं. बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं आणि पहिलं बक्षीस शेजारच्या सोसायटीच्या प्रतापगडाला. तेव्हापासून दिघ्यांच्या मनात आकस बसला असावा. हा माझा संशय आहे, पुरावा नाही. पण माझे संशय सहसा वाया जात नाहीत.

त्रिपुरी पौर्णिमेला बंदर बंद व्हायचं तेव्हाचा रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरलं. त्या संध्याकाळी सर गलबतांवर पणत्या ठेवत आणि प्रत्येक घराने येऊन आपला माणूस आपल्या हाताने उचलून घरी न्यायचा. कोणी तो देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवी, कोणी रेडिओवर. वर्षभर तो तिथे राहायचा. पुढच्या वसुबारसेला ज्याचा त्याने आणून आपल्या जागी उभा करायचा. सर कोणाला आठवण करायला जात नसत. माणूस हरवला, फुटला किंवा आणला नाही, तर त्या घराची जागा रिकामी राहायची आणि सर त्याबद्दल एक शब्द बोलत नसत. जाणाऱ्याला ‘का’ विचारायचं नाही. आणि मधल्या काळात बंदराचं नावही काढायचं नाही. कोणी काढलंच तर ठरलेलं उत्तर यायचं, ‘‘बंदर बंद आहे.’’ एरवी शाळा, पाऊस, कांद्याचा भाव, सगळ्यावर बोलायचे. बंदरावर नाही.

असं हे वर्षानुवर्षं चाललं. ऐंशी उलटून गेलं, कॉलनीत टीव्हीचे अँटेना उभे राहिले, तरी वसुबारसेला लोक ताटात आपला माणूस घेऊन, वर रुमाल झाकून, प्लॉटवर येत.

मग एका मे महिन्यात चेअरमन दिघे घरोघर फिरले. सर सुट्टीत मुलीकडे गेले होते. दिघ्यांच्या हातात आंब्याची रिकामी पेटी, आत गवत.

‘‘सरांनी माणसं मागितलीत,’’ ते मला म्हणाले. ‘‘मुंबईला प्रदर्शन आहे. दिवाळीच्या आत परत.’’

‘‘सरांनी? मग सर का नाही आले?’’

‘‘त्यांना मागायला संकोच वाटतो.’’

‘‘माझ्याकडून पितळ, मोटार आणि पंप मागताना कुठे गेला होता संकोच?’’

‘‘वसंतशेठ, सगळ्यांनी दिलीत. गोखले काकूंनी दिलं. जाधवने होडीसकट दिलं.’’

‘‘सरांच्या हातची चिठ्ठी आणा, देतो.’’

‘‘तुमचा कशावर विश्वास आहे?’’

‘‘काट्यावर,’’ मी म्हणालो.

ते पेटी घेऊन निघून गेले. मी सुमनला म्हणालो, ‘‘बघ, मास्तरने शेवटी धंदा केला. आपल्या सगळ्यांना मुंबईला विकलं आणि निरोप द्यायलाही स्वतः आला नाही.’’ ती म्हणाली, ‘‘सर असं करतील?’’ मी म्हणालो, ‘‘ज्याने मला गुंडाळलं, तो काहीही करेल.’’ शहाबंदर मी कपाटात कपड्यांच्या मागे ठेवून दिला.

सर सुट्टीवरून परत आले. श्रावणात एकदा जाधवने त्यांना रस्त्यात गाठलं. विचारलं, ‘‘सर, आपली माणसं बरी आहेत ना?’’ सर सायकलवरून उतरले नाहीत. म्हणाले, ‘‘बंदर बंद आहे.’’ जाधवने येऊन सांगितलं आणि सगळ्यांना ते झोंबलं. एरवी तेच उत्तर ऐकून आम्ही हसायचो. त्या वर्षी आम्हाला त्यात मुंबईचा माज ऐकू आला. मीच पहिल्यांदा तसं बोललो होतो बहुतेक. पण इतरांनी माना हलवल्या, एवढं नक्की.

वसुबारस आली. सरांनी खड्डा साफ केला, पाणी भरलं, धक्का बांधला, माड्या चढवल्या, घुमट घासून लखलखीत केले. संध्याकाळी स्वच्छ सदरा घालून ते प्लॉटवर जाऊन उभे राहिले, लोक आपापली माणसं घेऊन येतील म्हणून. आणि कॉलनी आपापल्या ओट्यावर उभी होती, सर पेटी उघडून आमची माणसं परत देतील म्हणून. मधे वीस पावलांचं अंतर होतं का चाळीस, मला सांगता येत नाही. कोणी ओलांडलं नाही.

मी खिडकीतून बघत होतो. एवढं श्रीमंत शहर आणि आत एक माणूस नाही. सज्जे रिकामे, पेठा रिकाम्या, लाटा तेवढ्या चालू. सरांनी एक पाय धक्क्याजवळ टेकवला होता आणि ते एकेका घराकडे बघत होते. घरांवरून नजर फिरवत ते आमच्या घरावर आले. थोडे थांबले. पुढे गेले.

‘‘अहो,’’ सुमन म्हणाली, ‘‘आपला तरी आहे ना. नेऊन ठेवा.’’

‘‘मी काय म्हणून जाऊ? ज्याने माणसं विकली त्याला पहिलं बोलू दे.’’

अंधार पडायला लागला तसे सर वाकले, पंपाचं बटण बंद केलं आणि घरी गेले. त्या रात्री आणि पुढच्या दिवशीही कोणी काही बोललं नाही. दिघे मात्र दोन्हीकडे बोलले, हे मला फार मागाहून कळलं. आम्हाला म्हणाले, सरांना मुंबईची मोठी कामं मिळाली, आता ते इथे कशाला रमतील. त्रिपुरी पौर्णिमेच्या आतच प्लॉटवर मुरूम पडला आणि हिवाळ्यात तिथे स्कूटर-स्टँड उभा राहिला. सरांनी हरकत घेतली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि घर विकून पिंपळगावला मुलीकडे गेले. जाताना सगळ्यांच्या घरी येऊन गेले. आमच्याकडे चहा घेतला आणि कप होता तसा माझ्या हाती परत दिला. त्याआधी तो उलटा करून बघितला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

यानंतर दोनेक वर्षांनी मला गंगापूर रोडवर एका बिल्डरच्या ऑफिसात काम निघालं. जुन्या सळयांचा व्यवहार होता. बाहेरच्या खोलीत काचेच्या मोठ्या पेटीत त्याच्या नव्या स्कीमचं मॉडेल ठेवलेलं. थर्माकोलच्या इमारती, स्पंजची झाडं, हिरवा कागद लावून केलेलं लॉन. त्या लॉनवर गोखले काकू उभ्या होत्या, हातात कंदील घेऊन. जाधव एका मोटारीशेजारी चिकटवला होता, जाळ्यासकट, होडी काढून घेतली होती. मोत्यांची पेटी धरलेले आमचे सोनवणे गेटवर, बहुतेक वॉचमन म्हणून. पोहण्याच्या तलावाच्या काठाला हमालांची रांग. सगळी कॉलनी. सगळ्यांचे तळवे गोंदात रुतलेले.

मी बिल्डरला विचारलं, ही माणसं कुठून आणली. तो म्हणाला, ‘‘सासऱ्यांनी दिली. त्यांच्या कॉलनीत पडून होती.’’

त्याचे सासरे म्हणजे आमचे चेअरमन दिघे.

सळयांचा व्यवहार मी तिथेच सोडला. सरळ दिघ्यांच्या दारात गेलो. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. ते उठलेसुद्धा नाहीत.

‘‘मातीच्या बाहुल्या हो, वसंतशेठ. पोरीच्या नवऱ्याला मॉडेलसाठी हव्या होत्या. किती मनाला लावून घेता?’’

‘‘तुम्ही सरांचं नाव सांगून नेलीत.’’

‘‘मग? सरांची काही तक्रार आहे का? त्यांनी कधी विचारलं मला? तुम्हाला विचारलं?’’

मी तसाच मागे फिरलो. माझी बायको म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या दारातून सौदा न करता परत आलो.

त्याच आठवड्यात मी पिंपळगावला गेलो. पेपराच्या तुकड्यात गुंडाळलेला शहाबंदर खिशात घातला होता. हमरस्त्यालगत द्राक्षांच्या पॅकिंगची शेड होती, तिथल्या माणसाला पत्ता विचारला.

‘‘ड्रॉइंगवाले सर व्हय? हायेत ना, मागल्या आळीला. पर लय बोलत नाय आता कुणाशी.’’

सरांची मुलगी दारात तांदूळ निवडत होती. सर बाहेर गेले होते. मी तिला बाहेरच सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

‘‘त्या वसुबारसेनंतर बाबांना चेअरमन म्हणाले होते,’’ ती म्हणाली, ‘‘की लोकांनी माणसं फेकून दिली. आता टीव्ही आलाय, कोणाला हौस राहिली नाही. लोकांना तुमच्या तोंडावर सांगायला जड जातंय, म्हणून मी सांगतो.’’

‘‘आणि सरांनी आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही?’’

‘‘त्यांचा कायदा होता ना,’’ ती म्हणाली. ‘‘जाणाऱ्याला विचारायचं नाही.’’

ही माझी दुसरी फसवणूक आणि ती मी माफ केलेली नाही. शहर आमचं होतं ना? मग त्याचा कायदा एकट्याने आमच्यावर का चालवला? भंगारातला साधा दलालसुद्धा माल नाकारताना दोनदा विचारतो. यांनी सगळी कॉलनी सोडून दिली आणि हूं की चूं केलं नाही.

सर रस्त्यावरून येताना दिसले. आधीपेक्षा वाकलेले, हातात भाजीची पिशवी. मला बघून थांबले, ओळखलं. आत या म्हणाले. मी म्हणालो, इथेच बोलतो. उभ्या उभ्या, रस्त्यावर, टेम्पो हॉर्न देत जात असताना मी त्यांना सांगितलं, पेटी कोणी नेली, काय बोलून नेली आणि माणसं आता कुठे आहेत. सर मान खाली घालून ऐकत होते.

‘‘कुठे उभी केलीत त्यांना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘लॉनवर. गेटवर. पोहण्याच्या तलावाशी.’’

‘‘तलावात पाणी आहे?’’

‘‘नाही. निळी काच आहे.’’

त्यांनी मान हलवली. मी खिशातून शहाबंदर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, उलटा केला, तळव्यांवरून अंगठा फिरवला. तळवे कोरे होते, गोंद नव्हता.

‘‘हा त्या पेटीत नव्हता?’’

‘‘मी दिला नाही. चिठ्ठी मागितली.’’

‘‘म्हणजे तुमच्याकडेच होता. त्या सगळ्या दिवसांत.’’

‘‘होता.’’

‘‘मग त्या संध्याकाळी तुम्ही...’’

सर थांबले. तोंड उघडंच होतं, शब्द आला होता, तो त्यांनी माघारी घेतला. माझ्या डोळ्यांत बघितलं, मग खाली. माझ्या हातात शहाबंदर परत ठेवला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मुलीच्या दाराकडे चालू लागले. पायरीवर त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि आत गेले. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. पुढच्या थंडीत ते गेल्याचं कळलं.

सरांनी तो प्रश्न पुरा केला असता तर मी उत्तर दिलं असतं की नसतं, तो माझा प्रश्न आहे. तो मी माझ्यापाशी ठेवतो. पण चेअरमन दिघे, सरांनी तुम्हाला विचारलं नाही म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. तुम्ही अजून झोपाळ्यावर बसता आणि स्कूटर-स्टँडची पावती फाडता. मी माणिकबंदरचा शहाबंदर आहे. त्या गावातून बाहेर गेलेलं प्रत्येक गलबत माझ्या हुकमाने जायला हवं होतं आणि तुम्ही सगळं गाव आंब्याच्या पेटीत घालून माझ्या दारावरून नेलंत. ज्या घरांतून तुम्ही माणसं उचललीत, ती सगळी घरं अजून त्याच ओळींत उभी आहेत. येत्या वसुबारसेला संध्याकाळी स्कूटर बाजूला काढायला लावीन मी. कॉलनी तिथे उभी असेल, सरांची मुलगी पिंपळगावहून येणार आहे. तिच्या समोर तोंडाने सांगा, तिच्या बापाला काय म्हणालात, आम्हाला काय म्हणालात आणि का. मला काही कायदा अडवत नाही. मी विचारतोय.